चार नंबरच्या खोलीला तीन हाका

पाण्याच्या टाकीपाशी आलो तरी उजाडलं नव्हतं. अगदीच अंधार होता असंही नाही. शेतांच्या पलीकडे, जमिनीला टेकून, एक तांबडी रेघ दिसत होती. पण कालव्याच्या पुलावर असताना ती जशी होती तशीच अजून होती. वर चढली नव्हती की पसरली नव्हती. पुलापासून टाकीपर्यंत चांगली पाऊण तासाची चाल आहे. मी शालीतून हात काढून घड्याळ बघितलं आणि हात परत आत घेतला.

"वहिनी, जरा दमानं," मागून भाऊजी म्हणाले. "चालताय की पळताय?"

"थंडी वाजतेय. आणि गवंडी सातला येणार, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

काहीच बोलणं आलं नाही. वळून बघितलं तर ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी तेच वाक्य त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हटलं, तेव्हा कुठे म्हणाले, "हो, सातला. थांबतील ते."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अडतीस वर्षं मशिनवर होते. बटाटे, सफरचंदं, बियाणांची पोती, सगळं त्यांच्या जिवावर गार राहायचं. आमचं घर ते कोल्ड स्टोरेज हा रस्ता उत्तरेला जातो, सहा किलोमीटर. अडतीस वर्षांत त्यांनी ना सायकल घेतली ना बस धरली. विचारलं की म्हणायचे, "आपली माणसं तिकडून चालत आली. मला रोज थोडं उलटं चालू दे." या असल्या बोलण्यामुळे तिथल्या हमालांनी त्यांचं नाव ध्रुवबाळ ठेवलं होतं. साठी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला रोज सकाळी फाटकात विचारायचे, "काय ध्रुवबाळ, आज तरी मांडी मिळाली का बसायला?" भाऊजी म्हणायचे, "मांडी नको, अढळपद द्या. या स्टुलाचा एक पाय डुगडुगतोय."

लग्न केलं नाही. एका मुलीचे वडील घरी आले होते. त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" आमचे हे म्हणाले, "थंड करतो." ते स्थळ तिथेच थंड झालं. पुढे कोणी फारसा नेटही लावला नाही. मागच्या खोलीत राहायचे. दोन लोकरीचे कोट, एक कॉट, खिडकीत तापमान बघायची काचेची नळी. घरात फ्रिज घ्यायला त्यांचा सक्त विरोध. "दिवसभर तेच करून आलो, आता रात्री तुमचं दूध राखू?" दळण आणायचे, नळ दुरुस्त करायचे, माझ्या मुलीला भूगोल शिकवायचे. भूगोल म्हणजे एकच धडा. चेंडू आणि बॅटरी घेऊन स्वयंपाकघरातला दिवा घालवायचे आणि चेंडूच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणायचे, "इथे बघ. इथे पहाट उगवत नाही, फिरते. कडेकडेने गोल गोल. दिवस न् दिवस." मुलगी म्हणायची, "काका, मला नद्या विचारणार आहेत परीक्षेत."

हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं.

वाचनालयात एकदा एका निवृत्त गुरुजींचं भाषण होतं. मी आणि भाऊजी गेलो होतो. हे येणार नव्हतेच, भाषण म्हटलं की यांना झोप येते. गुरुजी सांगत होते, असं एक मत आहे की वेदातली माणसं फार फार पूर्वी पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे राहत होती. तिथे सहा महिने उजेड आणि सहा महिने अंधार. तिथली पहाट घटकाभराची नसते, कित्येक दिवस क्षितिजाला लागून फिरत राहते. उषेची स्तोत्रं त्या लांबलेल्या पहाटेची आहेत, असं हे मत मांडणारे म्हणतात. मग बर्फ आला, राहणं अशक्य झालं, आणि ती माणसं गुरंढोरं, पोरंबाळं घेऊन दक्षिणेला चालत निघाली. गुरुजी प्रामाणिक होते. शेवटी म्हणाले, "हा अंदाज आहे. आज बहुतेक अभ्यासक हे मानत नाहीत. पण ऐकायला काय हरकत आहे?"

मला खरं-खोटं कळत नाही. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. सकाळी देवापुढे दिवा लावते, नाम घेते. देव उत्तरेला होता की दक्षिणेला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पण त्या संध्याकाळी शेजारी बघितलं तर भाऊजींनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. थंडीत काम करणारा माणूस, त्याला घाम आलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी येताना त्यांनी सांगितलं.

चोविसाव्या वर्षी ते चार नंबरच्या खोलीत कोंडले गेले होते. संध्याकाळची वेळ, बाहेर ट्रक आलेला, दुसऱ्या मशिनवाल्याने घाईघाईत दार ओढून घेतलं. हातभर जाड दार. दिव्याचं बटण बाहेर. आतून उघडायचा दांडा मोडलेला. भिंतींना आतून बुचाच्या जाड लाद्या, त्यातून आवाज जात नाही. पहाटेच्या पाळीने दार उघडेपर्यंत नऊ तास ते आत होते.

"आधी ओरडलो," ते म्हणाले होते. "मग येरझाऱ्या घातल्या. मग पोत्यावर बसलो. मग पाय आपले आहेत की नाहीत तेच कळेना. आणि मग वहिनी, भिंतीच्या बुडाशी तांबडं दिसायला लागलं. मला वाटलं दार उघडलं. पण ते एका जागी थांबेना. एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. फिरत होतं. वर काही येत नव्हतं. आणि त्या उजेडात माणसं चालली होती."

"कुठली माणसं?"

"तोंडं नाही दिसली. पाठी दिसल्या. पाठींवर बांधलेली पोरं. एक म्हातारी होती, तिला दोघं धरून चालवत होते. सगळ्यात शेवटी एक जण होता. तो थांबला, मागे वळला आणि त्याने हाक मारली. कोणी राहिलंय का म्हणून. भाषा कळली नाही, पण अर्थ कळतो ना हाकेचा? तीनदा मारली. प्रत्येक हाकेनंतर एक श्वास थांबायचा. मला ओ देता आली नाही. जीभच उचलेना. मग तो गेला."

हे सगळं गुरुजींच्या भाषणाच्या दहा वर्षं आधीचं. फिरती पहाट, दक्षिणेला चाललेली माणसं, यातलं अक्षरही तेव्हा त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. आमच्या यांना सांगितलं तर म्हणाले, "मेंदूला गारवा बसलाय त्याच्या. काढा दे." मी काढा दिला. भाऊजींनी तो निमूट प्यायला.

पण कोंडले गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्यांनी कामात एक पद्धत पाडली होती. खोली बंद करायच्या आधी दारात उभं राहून तीनदा हाक मारायची, "कोणी आहे का आत?" प्रत्येक हाकेनंतर एक श्वास थांबायचं. मगच दार ओढायचं. त्यांच्या हाताखाली जो कोणी आला त्याला ही पद्धत पाळावीच लागायची. हमाल हसायचे. "ध्रुवबाळ, बटाटे ओ देणार का?" मग एका उन्हाळ्यात दुसऱ्या हाकेला ओ आली. आत जाऊन बघितलं तर थप्पीमागे एक हमाल चक्कर येऊन पडला होता. वाचला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

भाऊजींनी मला एकटीला एक गोष्ट मात्र सांगितली होती. तो हमाल बेशुद्ध होता. दातखीळ बसली होती, चमच्याने दात उघडावे लागले. त्याने ओ देणं शक्यच नव्हतं.

"मग कोणी दिली?" मी विचारलं होतं.

"तेच तर," ते म्हणाले होते, आणि नळाचा वायसर बदलायला लागले होते.

तर त्या दिवशी आम्ही त्याच खोलीकडे निघालो होतो. मालकांनी नवी इमारत बांधली होती. जुन्या इमारतीची मशिनं बारा दिवसांपूर्वी बंद झाली. बाकीच्या खोल्या गोदामाला दिल्या, पण चार नंबरचं दार सडलेलं, कोणी आत अडकायला नको म्हणून दाराच्या जागी भिंत घालायची ठरली. भाऊजींचाही कामाचा तो शेवटचा दिवस. आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "वहिनी, उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर. चालत." यांनी वर बघितलं. "मला नाही का बोलवत?" भाऊजी म्हणाले, "तू रस्त्यात झोपशील."

टाकीच्या पुढे रस्ता वळतो. गुडघाभर धुकं इतकं दाट होतं की माझीच चप्पल मला दिसत नव्हती. भाऊजी आता चार पावलं पुढे होते, रस्त्याच्या मधोमध. मागून ट्रकचा भोंगा आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर कानठळ्या बसतील असा. भाऊजी आपल्या चालीने चालत राहिले. मी धावत जाऊन त्यांच्या कोटाला धरून ओढलं, तेव्हा ट्रक अंगावरून वारा देत निघून गेला. ड्रायव्हर आमच्या आईबापांचा उद्धार करत गेला. भाऊजी माझ्याकडे बघत होते. चेहरा असा, की चोरी पकडली गेलीय.

"किती दिवस झाले?" मी त्यांच्या समोर उभी राहून, ओठ हलवून विचारलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "मशिनच्या आवाजाने गेले कान. आधी डावा, मग उजवा. आता तुमचे ओठ दिसले तरच कळतं."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर मशिनवरून काढलं असतं. मग दार कोणी लावलं असतं? नव्या पोरांना घाई असते. एक हाक मारतात, ती पण मोबाईलकडे बघत." ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. "पण वहिनी, चूक झाली माझ्या हातून. दोन वर्षं मी रोज दारात उभा राहतो. तीन हाका मारतो, तीन श्वास थांबतो. काही ऐकू आलं नाही की दार लावतो. काही ऐकू येणार कसं? मला स्वतःची हाकसुद्धा ऐकू येत नाही. दोन वर्षं ती माणसं आतून ओ देत असतील, आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावत असेन."

मी त्यांचा ओढलेला कोट खांद्यावर सारखा केला.

"आज तर भिंतच घालणार. म्हणून तुम्हाला आणलं. हाक मी मारीन. ऐकायचं तुम्ही. आणि एक आहे, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तुम्ही ते करता. तो काढा गुणाचा आहे म्हणालात, आणि नुसतं आल्याचं पाणी होतं. मला माहीत आहे. आज तसं नको. आली तर आली सांगा, नाही तर नाही."

मी मान डोलावली. पण खरं सांगते, उरलेल्या वाटेवर मी मनात ठरवून टाकलं होतं. काही आवाज येवो न येवो, "नाही आली" म्हणायचं. माणसाने म्हातारपणी सुखाने झोपावं. देव माझं एवढं खोटं पोटात घालील. मी नाम घेत चालत होते, आणि ती तांबडी रेघ आमच्या बरोबर चालत होती. आधी ती उजव्या हाताला होती. आता समोर होती. रस्ता वळला म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण वळणानंतरचा रस्ताही उत्तरेलाच जातो.

कोल्ड स्टोरेजच्या अंगणात मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होता. त्याची बायको पाटीत माल कालवत होती.

"या, ध्रुवबाळ!" तो ओरडला. "लवकर उरका तुमचं काय ते. माल कडक होईल."

"व्हायचा तो होऊ दे," त्याची बायको म्हणाली. "अडतीस वर्षं केलंय माणसाने. तुला साडेतीन मिनिटं दम नाही?"

जुन्या इमारतीत शिरलो. मिस्त्री थापी-वीट घेऊन मागून आला, त्याची बायकोही. बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं, वर रंगवलेले आकडे. ओल्या पोत्यांचा वास. मशिनं बंद असल्यामुळे इतकं शांत होतं, की मिस्त्रीची थापी विटेवर घासल्याचा आवाज बोळभर ऐकू येत होता. भाऊजींनी चार नंबरचं दार दोन्ही हातांनी ओढलं.

आतून गार हवा पायांवर आली. माझा श्वास समोर पांढरा दिसला.

"बारा दिवस बंद आहे ना हे?" मी मागे वळून मिस्त्रीला विचारलं.

"बुचाच्या भिंती बाई," तो म्हणाला. "गारवा धरून ठेवतात." पण तो दारापासून दोन पावलं लांबच उभा राहिला.

खोली रिकामी होती. पंचवीस पावलं लांब, पंधरा रुंद. ना पोती ना फळ्या. बोळातल्या बल्बच्या उजेडात समोरची भिंत स्पष्ट दिसत होती. तिच्यावर कोणीतरी खडूने कधीचा हिशोब लिहून अर्धा पुसला होता. मी हे मुद्दाम सांगते. आत कोणीही नव्हतं. मी नीट बघितलं.

भाऊजी उंबऱ्यावर उभे राहिले. अंगातला कोट नीट केला, जसं कोणी देवळात शिरताना करतं. मला बाजूला उभं केलं, माझं तोंड त्यांना दिसेल असं.

"कोणी आहे का आत?"

आवाज आत गेला आणि विरला. बुचात आवाज घुमत नाही, मातीत पाणी जिरतं तसा जिरतो. मी श्वास घेतला. काही नाही. मनात म्हटलं, देवा, तुझे उपकार.

"कोणी आहे का आत?"

काही नाही. मिस्त्रीची थापीसुद्धा थांबली होती. समोरच्या भिंतीच्या बुडाशी, जमिनीला लागून, मला तांबूस काहीतरी दिसल्यासारखं झालं. बोळातल्या दिव्याचं असेल. मी डोळे मिटून घेतले.

"कोणी आहे का आत?"

एक श्वास झाला. तो मी सोडला. भाऊजी दाराला हात घालणार, इतक्यात ओ आली.

तो प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो. ही नुसती ओ होती, शेताच्या पार पलीकडच्या बांधावरून कोणी द्यावी तशी, लांबलेली, थकलेली. खोली पंचवीस पावलांची आणि आवाज कोसावरचा. आणि ती एकाची नव्हती. एकाने दिली, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्याही मागच्याने, अशी ती मागे मागे जात राहिली. शेवटी शेवटी तर फार बारीक आवाज होते.

मी डोळे उघडले. मिस्त्री तंबाखू तोंडात टाकत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"झालं ना?" तो म्हणाला. "आणू माल?"

मी तोंड उघडलं. वाटेवर ठरवलेलं वाक्य जिभेवर होतं. दोनच शब्द. म्हटले असते तर भिंत उभी राहिली असती, आम्ही चहा घेऊन घरी गेलो असतो, आणि भाऊजी त्या रात्री निवांत झोपले असते. पण त्या बारीक आवाजांनंतर ते दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. तसंही मी काही बोलायची गरज उरली नव्हती. दोन वर्षं माणसांच्या चेहऱ्यांवरून बोलणं वाचणारा माणूस माझ्या समोर उभा होता.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दाराकडे नेलेला हात मागे घेतला. मग ते सडकं दार भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं, आणि परत मिटू नये म्हणून खाली वीट लावली.

"मिस्त्री, अर्धा तास," ते म्हणाले.

"अहो मामा, माल दगड होईल!"

"दुसरा कालवा. मी कालवून देतो. पण अर्धा तास या दारात कोणी आडवं येऊ नका."

मिस्त्री काहीतरी पुटपुटला. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरून त्याला अंगणात नेलं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तिला काय कळलं ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही दोघंच बोळात उरलो. पायांवरून गार हवा वाहत होती. आता ती थांबून थांबून येत होती, जसं कोणी उंबरा ओलांडतं, मग दुसरं कोणी.

"मी दार लावायला शेवटी थांबतो," भाऊजी म्हणाले. "शेवटच्या माणसाने तीनदा हाक मारायची असते. तुम्ही पुढे व्हा. आलो त्याच वाटेने, घराकडे. त्यांना वाट माहीत नाही, तुमच्या मागून येतील."

मी शाल घट्ट ओढली. देवाचं नाव घेतलं आणि पाऊल उचललं. तेवढ्यात त्यांनी माझ्या शालीचं टोक धरलं. तीस वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं त्यांनी, चहाचा दुसरा कपसुद्धा नाही.

"एवढं एक करा वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही फार भराभर चालता. आज हळू चाला. त्यांच्यात लेकरं आहेत."